पंधरा गुंठे आणि तांदळाचं पोतं

वाचकांचे प्रश्न : या वेळी उत्तरं देतेय पुण्यात कायदा शिकणारी एक विद्यार्थिनी

दिवाळीच्या आधीच्या अंकात माझं एक पानी पत्र छापून आलं होतं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : 2016 साली माझ्या आईनं मुळशी तालुक्यातल्या माहेरच्या जमिनीतला आपला वाटा भावाच्या नावे सोडला. त्या दिवशी मी तिच्याबरोबर रजिस्टर ऑफिसात होते, चौदा वर्षांची. तो दस्त मी पहिल्यांदा वाचला तो आता, कायद्याच्या अभ्यासाला बसल्यावर. आईचा अंगठा यंत्रावर उमटेना आणि मला एक धाकटा भाऊ आहे, हेही त्यात होतं. बस, एवढंच लिहिलं होतं. त्यावर लिफाफाभर प्रश्न आले. संपादकबाईंनी तो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "तू काढलंस ना, आता तूच निस्तर."

मी एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वकील नाही. कायद्याचं जे सांगतेय ते पुस्तकातलं आणि कॉलेजच्या विधी साहाय्य केंद्रात शनिवारी बसून ऐकलेलं. बाकीचं घरचं आहे.

मुलीच्या शिक्षणाला, लग्नाला, बाळंतपणाला, सणावाराला माहेरचे खर्च करतातच. शेतात भाऊ राबतो, आईवडिलांना म्हातारपणी तोच सांभाळतो. मग सासरी सुखात असलेल्या बहिणीनं वाटा मागणं हा भावावर अन्याय नाही का? असं होऊ लागलं तर राखी आणि भाऊबीज उरेल का?
— एक सेवानिवृत्त वाचक, कर्वेनगर

काका, तुमच्या पत्रावर मी सगळ्यात जास्त दिवस बसले. कारण माझा मामा शब्दन् शब्द हेच म्हणाला असता, आणि माझा मामा वाईट माणूस नाही.

आजोबा 2015 साली गेले. मागे दीड एकर भातखाचरं, म्हणजे 60 गुंठे. वारस चौघं : आजी, मामा, मावशी आणि आई. हिशोब कसाही मांडा, प्रत्येकाला 15 गुंठे येतात. वर्षश्राद्ध झालं आणि मामा आमच्याकडे भोरला आला. चहा झाला, पावसापाण्याचं झालं, मग म्हणाला, "ताई, सातबाऱ्याला तुमची दोघींची नावं लागलीत. सोसायटीचं कर्ज काढायचं म्हटलं की दरवेळी तुम्हाला हेलपाटा. एकदा मोकळं करून टाकू." आई लगेच हो म्हणाली. तिला खरोखरच वाटलं की आपल्या नावामुळं भावाला अडचण होतेय.

रजिस्टर ऑफिसात फोटो निघाला, सह्या झाल्या, आणि अंगठा घ्यायच्या यंत्रापाशी गाडी अडली. आईचा अंगठा उमटेचना. क्लार्क म्हणाला, "मावशी, पुसा जरा." आईनं पदराला पुसला. नाही उमटला. "डोक्यावरून फिरवा, तेलाचा हात लागू द्या." तिनं केसांवरून फिरवला. तरी नाही. मागं रांग लागलेली, कोणीतरी "चला ओ" म्हणालं आणि आई ओशाळून हसली. लावणीच्या चिखलानं आणि भांड्यांच्या राखेनं तिच्या बोटांवरच्या रेषा गेल्यात, हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी दुसरं बोट चाललं.

काका, तुम्ही म्हणता शेतात भाऊ राबतो. भाताची लावणी कोण करतं ते कधी आषाढात मुळशीकडं जाऊन बघा. गुडघाभर चिखलात ओणव्या उभ्या असतात त्या सगळ्या बायाच. चिखलणी पुरुषांची, लावणी बायांची. लग्न होईपर्यंत दरसाल माझी आई त्या खाचरांत ओणवी होती. आता मामी असते. आणि सातबाऱ्यावर दोघींपैकी कोणाचंच नाव नाही. आजीची उस्तवार कोण करतं हेही विचारून बघा. मामा आजीला "सांभाळतो" म्हणजे मामी तिला न्हाऊ घालते.

त्या दिवशी रजिस्टर ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं, "दस्त वाचला का? मान्य आहे का?" आई म्हणाली, "भाऊ हाय माझा." प्रश्न वेगळा होता, पण उत्तर सगळ्यांना चाललं.

दस्तात लिहिलंय : स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, बंधुप्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता. स्टॅम्प 200 रुपयांचा. बाहेर आल्यावर मामानं आम्हाला हॉटेलात जेवू घातलं आणि आईला साडी घेतली, पोपटी रंगाची, जरीकाठी. आई पोपटी नेसत नाही. ती साडी अजून ट्रंकेत आहे, घडी न मोडलेली, मध्ये डांबरगोळी.

लग्नाच्या खर्चाबद्दल. कायद्याच्या लेखी लग्नाचा खर्च म्हणजे वाटणी नव्हे. आणि हुंडा म्हणाल तर तो 1961 पासून गुन्हाच आहे, तो वाट्यातून वळता कसा करणार? मुलाच्या लग्नात मांडव घातला, बँड लावला, गावजेवण दिलं, ते त्याच्या गुंठ्यांतून वजा केल्याचं मी तरी एकही घर पाहिलं नाही.

आता पत्रात लिहिली नव्हती ती गोष्ट. 2011 साली, मी नऊ वर्षांची असताना, बाबांचं पिणं फार वाढलं होतं. एका रात्री आईनं मला आणि माझ्या धाकट्या भावाला उठवलं, अंगावर स्वेटर चढवले, आणि आम्ही रस्त्यावर येऊन मिळेल त्या जीपनं निघालो. उजाडता उजाडता मामाच्या दारात. मामानं एक शब्द विचारला नाही. मामीनं चुलीवर पाणी ठेवलं. दोन महिने राहिलो आम्ही तिथं, शाळेची पुस्तकंसुद्धा मामानंच आणली.

म्हणून मला मामावर चिडता येत नाही. आणि म्हणूनच जास्त चीड येते, कोणावर ते कळत नाही. कारण पाच वर्षांनी "मोकळं करून टाकू" ऐकल्यावर आईच्या डोळ्यांपुढं काय आलं असेल ते मला पक्कं माहीत आहे. मागच्या आठवड्यात विचारलंच मी तिला, की हरकत का घेतली नाहीस. म्हणाली, "आगं, परत कधी रातीचं निघायची येळ आली, तर कुणाच्या दारात जायचं व्हतं?"

स्वतःचं असं एक दार तिला कुठंच नव्हतं. सासरचं घर नवऱ्याच्या नावावर, माहेरचं भावाच्या. मग 15 गुंठे देऊन तिनं भावाच्या घरातली एक चटई राखून ठेवली. दस्तात "मोबदला न घेता" म्हटलंय, ते खोटं आहे. मोबदला होता. फक्त तो तिच्या हक्काचाच होता, आणि तो उपकार म्हणून मिळाला.

राखी उरेल का, हे तुम्ही बहिणीला विचारताय, काका. भावाला विचारून बघा ना एकदा. पंधरा गुंठे दिल्यावर तुटणारी राखी नेमकी कोणाच्या बाजूनं तुटते?

मी 52 वर्षांची आहे. 2012 साली भावांनी सांगितलं म्हणून सह्या केल्या, काय लिहिलं होतं ते वाचलं नाही. आता ती जमीन रिंगरोडमध्ये जातेय आणि मोबदला मिळणार आहे. माझं लग्न 1991 सालचं, त्यामुळं तसाही मला हक्क नव्हता असं भाऊ म्हणतात. काही करता येईल का?
— एक वाचक, वडगाव बुद्रुक

ताई, शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ही गोष्ट शनिवारी आमच्या टेबलावर दर दोन आठवड्यांनी येते.

तुमचे भाऊ म्हणतात त्यात अर्धं खरं आहे, पण ते जुनं झालं. महाराष्ट्रानं 1994 साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतका हक्क दिला, तेव्हा 22 जून 1994 च्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं. माझ्या मावशीचं लग्न 1993 चं, आईचं 1998 चं. एकाच चुलीवरच्या दोन बहिणी, एक आत, एक बाहेर, लग्नाच्या तारखेवरून. भावाच्या लग्नाची तारीख मात्र कोणी विचारत नव्हतं. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीनं ही अट गेली. मुलगी जन्मानंच सहहिस्सेदार, लग्न कधीही झालेलं असो. मग पुढं वाद निघाला की त्या तारखेला वडील हयात हवेत का. 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की त्याची गरज नाही. एक पथ्य मात्र आहे : 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर वाटणी किंवा विक्री होऊन गेली असेल तर ती उकरता येत नाही.

आता सह्यांचं. आधी शोधा की सही नेमकी कशावर केली. "सह्या केल्या" म्हणजे काय हे निम्म्या बायकांना सांगता येत नाही, आणि यात त्यांची चूक नाही, कागद पुढं सरकवताना फक्त सहीची जागा उघडी ठेवलेली असते. नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर गाव आणि गट नंबर टाकून दस्त शोधता येतो. तिथून सूची दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, काढा, दुय्यम निबंधकांकडून दस्ताची नक्कल घ्या. तलाठ्याकडून सातबारा आणि जुने फेरफारही घ्या.

नुसता तलाठ्यापुढं अर्ज किंवा जबाब दिला असेल आणि त्यावरून तुमचं नाव कमी केलं असेल, तर धीर धरा. जमिनीतला हक्क सोडायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, तिनं मालकी जात नाही आणि येतही नाही. ही एवढी एक गोष्ट कळल्यावर आमच्या टेबलासमोर एक मावशी खुर्चीतून उठल्या आणि परत बसल्या.

पण रीतसर नोंदवलेलं हक्कसोडपत्र असेल तर अवघड आहे, खोटी आशा दाखवत नाही. मन बदललं म्हणून ते रद्द होत नाही. फसवून, दडपण आणून, मजकूर लपवून घेतलं असेल तर दिवाणी न्यायालयात आव्हान देता येतं, आणि त्याला मुदत फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची. म्हणजे कळलं कधी, हे महत्त्वाचं. नक्कल हातात आल्यावर "बघू, दिवाळीनंतर" करत बसू नका.

मोबदला अजून वाटला गेला नाही, तेव्हा भूसंपादन अधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. पोच म्हणजे शिक्का आणि तारीख. "साहेबांना सांगून आलेय" याला पोच म्हणत नाहीत.

वकिलाच्या फीचं म्हणाल तर 1987 च्या कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला सरकारी विधी सेवा मोफत मिळते, उत्पन्न कितीही असो. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन 15100. मोफत म्हटल्यावर बायका लाजतात, आम्ही काय गरीब आहोत का, असं विचारतात. गरीब असायची अटच नाहीये.

मी बारामतीहून शिकायला आलेय. आमच्या वसतिगृहाचं दार साडेआठला बंद होतं, मुलांचं अकराला. तुझं जमिनीचं वाचलं आणि वाटलं, आपल्या तक्रारी किती किरकोळ. तुला काय वाटतं?
— एक विद्यार्थिनी, शिवाजीनगर

किरकोळ कशानं गं? आईचं दुखणं होतं की रात्री निघून जायला दार नाही. तुझं दुखणं आहे की रात्री परत यायला दार नाही.

मीही पहिलं वर्ष अशाच ठिकाणी काढलं. मैत्रिणीकडं एक रात्र राहायचं तर अर्ज, त्यावर पालकांची सही, शिवाय रेक्टरबाई फोन करून वडिलांशीच बोलणार. आई चालत नाही, वडीलच. मी मतदार आहे. उद्या वडिलोपार्जित जमिनीचा हक्क सोडायचा म्हटलं तर माझी एकटीची सही पुरते, कोणी बाबांना फोन करणार नाही. कात्रजला मैत्रिणीकडं झोपायला मात्र पुरत नाही.

आता मी नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहते, तिघी एका खोलीत. अभ्यासाला जवळच्या अभ्यासिकेत जाते. साठ खुर्च्या, स्वच्छतागृह एक, तेही जिन्याखाली, कडी नीट न लागणारं. त्यामुळं आम्ही मुली सकाळी पाण्याची बाटली भरून आणतो आणि संध्याकाळी ती तशीच परत नेतो. मुलं दर तासाला चहाला उठतात. परीक्षेचा निकाल लागतो तेव्हा कोणी किती तास बसलं याच्या बातम्या येतात, कोण किती तास तहानेनं बसलं याची येत नाही.

तू एक कर. साडेआठला दार बंद असूनही ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं आहे ते लिहून काढ, आणि दोन्हींच्या वेळा एकाच कागदावर मांडून मुलींच्या सह्या घे. आम्ही तसं केलं होतं. वेळ साडेआठची साडेनऊ झाली. जग बदललं नाही, पण तो एक तास अजून तिथल्या मुलींना मिळतो.

बाळ, तू लिहितेस ते पटतं, पण "स्त्रीवाद" हा शब्द बाहेरून आलेला. आमच्या बायकांना तो हवाच कशाला? तू स्वतःला स्त्रीवादी म्हणवतेस का?
— 74 वर्षांची एक आजी, सहकारनगर

म्हणवते, आजी. सुरुवातीला लाज वाटायची, आता नाही.

शब्द नवा असेल, भांडण जुनं आहे. 1881 साली सुरतेला एका ब्राह्मण विधवेला नवजात बाळाच्या हत्येसाठी शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांनी बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतलं. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे भडकल्या आणि त्यांनी "स्त्री-पुरुष तुलना" लिहिलं. 1882 साली ते छापलं गेलं आपल्या पुण्यात. बाईच्या माथी जे जे दोष मारता ते तुमच्यात नाहीत काय, हा त्यांचा सवाल, आणि भाषा अशी की आजही जोरात वाचलं तर शेजारचे दार लावून घेतील. हे कुठल्या परदेशी पुस्तकातून आलं नव्हतं.

आणि माझ्या विषयाचंच बघायचं तर डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिलात मुलीला वारसा हक्क मांडला होता. ते बिल रखडवलं गेलं, त्यांनी सप्टेंबर 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं त्यामागं ते एक मोठं कारण होतं. पुढं त्याचे तुकडे करून कायदे झाले, वारसाचा 1956 साली. मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीनं बसायला देशभर 2005 उजाडलं.

आमच्याच जिल्ह्यात, चाकणजवळ आंबेठाणला राहून शरद जोशींनी शेतकरी संघटना चालवली. त्यांनी "लक्ष्मी मुक्ती" काढली होती. गावातल्या शंभर शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला तुकडा बायकोच्या नावावर केला की त्या गावाचा सन्मान. भाषणात स्त्रीवाद हा शब्द नसेल, सातबारा होता. मामीला हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. म्हणाली, "आमच्या गावात असे शंभर मिळायचे न्हाईत. एक मिळाला तरी मला दाखव."

आम्ही वाघोलीत फ्लॅट घेतोय. एकट्या बायकोच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. घेतोय तिच्या नावावर. हा स्त्रीवाद झाला का?
— एक वाचक, वय 29, खराडी

झाली ती काटकसर! पण वाईट नाही हं. 2021 पासूनची ही सवलत आहे आणि त्या निमित्तानं का होईना, बऱ्याच करारांवर बाईचं नाव चढलं. एक विचारते : कराराची मूळ फाइल कपाटाच्या कोणत्या खणात ठेवणार, आणि त्या खणाची किल्ली कोणाकडं? आमच्या टेबलावर अशा बायका येतात ज्यांच्या नावावर घर आहे आणि ज्यांनी आपला करार कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही. बाकी अभिनंदन. वास्तुशांतीला पेढे पाठवा.

तुला भाऊ आहे असं पत्रातून कळतं. उद्या तुझ्यावर वेळ आली तर तू सही करशील?
— नाव लिहिलेलं नाही. शिक्का पुणे.

हा प्रश्न कोणी पाठवला असेल याचा मी बराच विचार केला. अक्षर तिरकं आहे, बाईचं वाटतं.

नाही करणार.

भोरला आमची 34 गुंठे जमीन आहे, बाबांच्या नावावर. बाबा आता पीत नाहीत, चांगले आहेत, देव त्यांना शंभर वर्षं देवो. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान, चाकणला कंपनीत आहे. पत्र छापून आलं त्या रविवारी मीच त्याला फोन केला आणि सांगून टाकलं की पुढं कधी वाटणी झाली तर मी माझा हिस्सा घेणार, सोडणार नाही, आणि हे आत्ता सांगतेय म्हणजे नंतर तुला धक्का नको. पलीकडं मशिनचा आवाज येत होता. तो म्हणाला, "घे की. मी कधी नको म्हटलंय?" मग थोड्या वेळानं, "पण आईला एवढ्यात सांगू नको." मी विचारलं का. म्हणाला, "तिला वाटेल आपण भांडलो."

आई दोन दिवसांनी बोललीच. शेजारच्या मास्तरांनी अंक दाखवला होता तिला. पहिलं वाक्य, "माझ्या अंगठ्याचं कशाला छापलंस?" मी म्हटलं, नाव कुठं छापलंय. "अंगठा माझाच हाय न्हवं." मग तिनं विचारलं की मामानं वाचलं असेल का. मामा वाचत नाही, पण त्याचा मुलगा वाचतो, आणि वाचून दाखवतोही.

एक राहिलंच. 2016 नंतर दरसाल मळणी झाली की मामाकडून इंद्रायणी तांदळाचं एक पोतं येतं आमच्याकडं. पन्नास किलो. आई ते गावभर सांगते, माझ्या भावाचा तांदूळ. पहिल्या दिवशी त्याचा मऊ भात करते, वर तुपाची धार, आणि आम्ही चौघं घर घमघमेपर्यंत वाट बघत बसतो. यात खोटं काही नाही, तो भात खरंच चांगला असतो. मी दोन वर्षांपूर्वी गमतीत म्हणाले होते की हा 15 गुंठ्यांचा खंड आहे, म्हणजे जमिनीचं भाडं. आई हसली नव्हती.

माझ्या एलएलबीच्या पहिल्या वर्षाच्या फीला दहा हजार कमी पडले तेव्हा मामानं दिले, उसने. आईनं ते पाच-पाचशे करून फेडले, शेवटचे या गणपतीत. तोवर मामानं त्या जमिनीतले दहा गुंठे बंगल्याच्या प्लॉटसाठी विकले होते. तिकडं आता गुंठ्याचा भाव सांगताना लोक आवाज खाली आणतात. कोणी मामाला दोष दिला नाही, आईनं तर नाहीच. कायद्यानं जमीन त्याचीच होती.

तर, नाव न लिहिणाऱ्या ताई किंवा मावशी, मी सही करणार नाही. पण मला माझ्या भावाच्या दारात रात्रीबेरात्री जायची वेळ येणार नाही असं धरून मी हे बोलतेय. माझ्याकडं पदवी असेल, वकिलीची सनद असेल, भाड्याची का होईना खोली असेल. आईकडं यातलं काही नव्हतं, आणि तुमच्याकडं काय आहे ते मला ठाऊक नाही. तुम्ही सही केली असेल तर त्यावरून मी तुम्हाला बोल लावणार नाही. नसेल केली अजून, तर कागद आधी घरी आणा, एक रात्र उशाखाली ठेवा आणि कोणाकडून तरी पूर्ण वाचून घ्या. शनिवारी मी असतेच.

हे लिहितेय तेव्हा जानेवारी निम्मा सरलाय. तांदूळ अजून आलेला नाही. काल फोनवर आई म्हणाली, यंदा पाऊस लांबला ना, मळण्या उशिरा झाल्यात सगळीकडं.